खाजेची पोच

अंपायरांनी जन्मात कुणाला झुकतं माप दिलं नाही. नोकरीच तशी होती. शहराबाहेरच्या वजनकाट्यावर ते मालट्रक तोलायचे, आणि ड्रायव्हर कितीही गोड बोलला तरी काटा सांगेल तेच लिहायचे. कुणी चहाची किटली घेऊन आलाच, तर म्हणायचे, "आधी फळीवरून खाली उतर. गाडीबरोबर तुझंही वजन होतंय."

रविवारी पांढरा कोट चढवून ते क्लबच्या मैदानावर उभे राहायचे. तिथंही तोच काटा. पोटच्या पोराला त्यांनी शून्यावर पायचीत दिलं होतं, आणि तेही तो ज्या मुलीवर छाप पाडायला खेळत होता तिच्या डोळ्यांदेखत. पुढे तीच मुलगी सून होऊन घरात आली. "मी यांचा खेळ बघून नाही आले, बाबांचं बोट बघून आले," असं ती अजून सांगते, आणि मुलगा अजून तोंड फिरवतो.

अंपायरांचा निर्णय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा दिला की दिला. आणि त्याच्या जोडीला होती पोच. अंपायर मैदानातून खूण करतो, लांब झाडाखाली बसलेला स्कोअरर हात वर करतो, म्हणजे खूण पोचली. तो हात वर होईपर्यंत पुढचा चेंडू पडायचा नाही. ही शिस्त त्यांनी घरीही आणली होती. भाजी खारट झाली की ते ताटापुढे दोन्ही हात पसरून वाइड देत आणि बायकोनं पळी वर केल्याशिवाय दुसरा घास घेत नसत. ती बिचारी पळी वर करायची. भाजी पुढच्या वेळीही तितकीच खारट व्हायची, पण पोच मिळालेली असायची.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी बायकोनं विचारलं होतं, "मी येऊ का सामना बघायला?"

"अंपायरचं माणूस मैदानावर नसावं," अंपायर म्हणाले होते. "लोक म्हणतील, हिच्याकडे बघून बोट वर केलं."

झालं, दगडावर रेघ उमटली. तिनं पुन्हा विचारलं नाही. इतक्या वर्षांत तिनं तो कोट पाहिला तो दोरीवर वाळत घालताना, म्हणजे नवरा आत नसताना.

सत्तरी ओलांडली आणि अंपायरांच्या अंगाला खाज सुटली. आधी पाठीला, नेमकी जिथं हात पोचत नाही तिथं. मग खांद्यांना, नडग्यांना, गुडघ्यांना. पुरळ नाही, गांधी नाहीत, नुसती खाज. त्यांनी फूटपट्टी वापरली, कंगवा वापरला, सुनेची विणकामाची सुई वापरली, टीव्हीचा रिमोट वापरला आणि त्या नादात बातम्यांवरून कार्टूनवर गेले. सगळ्यांत जास्त सुख दिलं ते दाराच्या चौकटीनं. म्हैस खांबाला घासते तसे ते येता-जाता चौकटीला घासून जात. खांद्याच्या उंचीवरचा रंग उडाला तेव्हा मुलानं रंगाऱ्याला दोष दिला, रंगाऱ्यानं ओलीला दिला, आणि ओल बिचारी काही बोलली नाही.

घरच्यांनी मग घरचे लोक करतात तेच केलं. "खाजवू नका." बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, मुलगा वर्तमानपत्राआडून, सून फोनवर बोलताबोलता. अंपायर हात खाली घ्यायचे आणि उठून न्हाणीघरात जायचे. तिथं कडी लावून, कढत पाणी पाठीवर सोडून, खरखरीत घासणीनं असं काही खाजवायचे की आतून गुणगुणणं ऐकू यायचं. बाहेर यायचे ते उकडलेल्या बटाट्यासारखे. घटकाभरात खाज दुप्पट होऊन परत यायची.

तोवर हे सगळं घरच्या घरात होतं. मग ती मैदानावर पोचली.

त्या रविवारी बेकरीवाला फलंदाजी करत होता. गडी हौशी, पण आयुष्यात एकही पन्नाशी झालेली नव्हती. एकोणपन्नासवर त्याने चेंडू टोलवला, एक धाव पळून काढली आणि बॅट वर करून स्वतःभोवती गिरकी घेतली. नेमकी त्याच वेळी अंपायरांच्या गुडघ्याला खाज सुटली. त्यांनी गुडघा उचलून खसाखसा हात चालवला. आता गुडघा उचलून त्याला हात लावणं ही लेग बायची खूण आहे. म्हणजे धाव संघाची खरी, पण फलंदाजाची नव्हे, चेंडू पायाला लागून गेला. लांब झाडाखाली स्कोअररनं हात वर केला आणि तसं लिहून टाकलं.

हा स्कोअरर अंपायरांचा धाकटा मेव्हणा. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. समोर दिसेल ते अक्षर खरं, त्यामागचा विचार करायचा नाही, अशी त्याला सवय. शेवटच्या षटकात अंपायरांनी खांदा खाजवला. खांद्याला बोटं लावणं म्हणजे फलंदाज पुरते पळाले नाहीत, एक धाव कमी. मेव्हण्यानं ती कमी केली. बेकरीवाल्याचा संघ एका धावेनं हरला आणि बेकरीवाला एकोणपन्नासवरच राहिला.

"माझ्या पायाला लागलाच नव्हता," बेकरीवाला रडकुंडीला येऊन म्हणाला. "बॅट अजून झिणझिणतेय माझी."

अंपायरांना तेव्हा कळलं काय झालं ते. खाज सुटली होती, एवढंच सांगायचं होतं. पण भोवती वीस-पंचवीस माणसं, आणि म्हातारपणी अंगाला खाज सुटते हे चारचौघांत सांगायचं कसं? ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "पायालाच लागला होता."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा काटा खोटं बोलला. त्या दिवसापासून बेकरीवाला त्यांना कालचा पाव देऊ लागला. अंपायर मुकाट्यानं तो चावत, आणि प्रत्येक घासाला त्यांना स्वतःची लाज वाटे.

क्लबचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते, त्यामुळे वाईट बातमी हळूच द्यायची त्यांना सवय होती. "चषकाचा अंतिम सामना पुढच्या महिन्यात आहे," ते म्हणाले. "तुमची तब्येत ठीक नसेल तर चष्मेवाले उभे राहायला तयार आहेत. अजून एखादी गडबड झाली, तर कोट त्यांना द्यावा लागेल."

चष्मेवाल्यावर अंपायरांचा जुना दात होता. त्याने एकदा सगळ्यांदेखत त्यांचे डोळे फुकट तपासून देऊ केले होते. अंपायर घरी आले, कोट खुंटीला लावला आणि पहिल्यांदा आपण होऊन म्हणाले, "मला डॉक्टरकडे न्या."

त्वचेच्या डॉक्टर वयानं सुनेएवढ्या. त्यांनी आधी रक्त तपासायला पाठवलं. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, शिवाय रोजच्या गोळ्यांतली एखादी बाधते का, तेही पाहिलं. सगळं ठीक निघालं. दुसऱ्या खेपेला त्यांनी अख्ख्या घराला समोर बसवलं.

"वयानं कातडी कोरडी पडलीय. कोरडी म्हणून खाजते, खाजवली की अजून बिघडते, बिघडली की अजून खाजते. कढत पाणी बंद, घासणी बंद. कोमट पाण्यानं झटपट अंघोळ, आणि अंग ओलसर असतानाच मलम. नखं कापलेली. हे झालं कातडीचं. आता सवयीचं. बाबा कधी जास्त खाजवतात?"

"बातम्या लागल्या की," सून म्हणाली.

"रिकामे बसले की," बायको म्हणाली.

"मी काही विचारायला गेलो की," मुलगा म्हणाला. अंपायरांनी लगेच मान खाजवली.

"आणि तुम्ही काय करता?"

"आम्ही म्हणतो, खाजवू नका," तिघं एका सुरात म्हणाले.

"ते आजपासून बंद. तो शब्द ऐकला की खाज आठवते. बघा, आता तुम्ही सगळेच खाजवताय." तिघांनी आपापले हात गुपचूप खाली घेतले. "खाज येते तशी ओसरते, फक्त तेवढा वेळ हातांना दुसरं काम द्यायचं. बाबा, असे दोन्ही हात छातीवर आडवे घ्या. उजवा तळवा डाव्या खांद्यावर, डावा उजव्या. घट्ट दाबा, सावकाश श्वास घ्या. नखं लावायची नाहीत. आणि जमलं की घरच्यांनी टोकायचं नाही, शाबासकी द्यायची."

घरात नवं राज्य सुरू झालं. सुनेनं नेलकटर ताब्यात घेतला. मुलगा शाबासकी देण्यात कच्चा, कारण त्याला या बापाकडून ती कधी मिळालीच नव्हती. तो बापाच्या पाठीवर थाप मारायचा आणि तिथंच खाज सुटायची, म्हणून त्याला लांबूनच मान डोलवायचं काम दिलं. बायकोनं पोचीची युक्ती काढली. अंपायरांनी खांदे दाबून खाज परतवली की ती हातात असेल ते वर करायची, पळी, केरसुणी, एकदा तर अख्खी उशी. पोच मिळाली की अंपायरांचा चेहरा खुलायचा. ज्या माणसाला आयुष्यभर शिस्तीची पोच लागत आली, त्याला खाजेची पोच मिळू लागली.

मलम लावायचं कामही तिचंच. पहिल्या दिवशी अंपायर लहान पोरासारखे अंग चोरून बसले.

"केवढी पाठ आहे हो तुमची," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत मी ही नीट बघितलीच नव्हती."

अंपायरांना फार बरं वाटत होतं आणि ते कुठल्या खुणेनं सांगतात ते त्यांना माहीत नव्हतं.

खाज उतरत गेली. गेली नाही, पण ताब्यात आली. अंतिम सामन्याच्या सकाळी सुनेनं मलमाची बाटली पिशवीत घातली आणि म्हणाली, "दुपारी पुन्हा लावायचंय. आई बरोबर येतील."

"मैदानावर?" अंपायर म्हणाले. "अंपायरचं माणूस..."

"डॉक्टरांनी सांगितलंय, बाबा."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. अंपायर बायकोला म्हणाले, "चल. पण भावाशेजारी बस, आणि मला ओळख दाखवू नकोस."

तिनं छत्री घेतली आणि ओळख न दाखवता त्यांच्या मागून चालत गेली.

पहिला डाव झकास पार पडला. सकाळचं मलम अंगात मुरलेलं, खाजेचा मागमूस नाही. कुंपणापाशी चष्मेवाला इस्त्री केलेला स्वतःचा कोट मांडीवर घेऊन बसला होता, तो सारखं घड्याळ बघत होता. जेवणानंतर बेकरीवाल्याचा संघ खेळायला आला. ऊन चढलं, घाम आला, आणि घामाबरोबर ती आलीच.

बेकरीवाल्यानं चौकार मारला. अंपायरांनी हात हलवून चौकाराची खूण केली, मेव्हण्यानं पोच दिली. लगेच खांदे चुरचुरले. अंपायरांनी डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे छातीवर हात आडवे घेतले, तळवे खांद्यांवर दाबले, श्वास घेतला. खाज ओसरली. समोर बघतात तर झाडाखाली बायकोची छत्री वर, आणि शेजारी मेव्हण्याचा हातही वर. अंपायरांना भरून आलं. म्हणजे हिनं भावालाही सांगून ठेवलंय तर, त्यांना वाटलं. घरचा पाठिंबा असावा तर असा.

पुन्हा चौकार, पुन्हा चुरचुर, पुन्हा छत्री आणि हात. मग एका वाइडनंतर. मग बेकरीवाल्याच्या जोडीदाराला झेलबाद दिल्यावर. त्या जोडीदाराला तर तंबूत बसल्यावर कुणीतरी सांगितलं की वहीत तू अजून नाबादच आहेस, तेव्हा तो पॅड बांधून परत निघाला.

मैदानात गलका झाला तो फलकाकडे बघून. पाच चौकार गेले होते आणि धावा होत्या नऊ. चौकारागणिक आकडा चढायचा आणि लगेच उतरायचा.

झाडाखाली बायको भावाला विचारत होती, "अरे, तू लिहून खोडतोस काय?"

"ताई, दाजी खूण परत घेतायत. मी काय करू?" मेव्हण्यानं नियमांचं पुस्तक उघडून चित्र दाखवलं. दोन्ही हात आडवे, दोन्ही खांद्यांना लावलेले. खाली अर्थ होता, आधीची खूण रद्द.

तिनं चित्राकडे बघितलं, मैदानातल्या नवऱ्याकडे बघितलं, आणि छत्रीआड तोंड लपवून ती इतकी हसली की छत्री थरथरायला लागली. "ती खाज आहे रे," ती शेवटी म्हणाली.

"पुस्तकात खाज नाही," मेव्हणा म्हणाला.

अध्यक्ष मैदानात शिरले. मागून चष्मेवाला, एक बाही चढवलेली. त्यांच्याही पुढे बेकरीवाला, हातात बॅट. अंपायरांना घोडं कुठं अडलंय ते आता समजलं. ही खूण त्यांनी कधीकाळी पाठ केली होती, पण चाळीस वर्षांत ती एकदाही वापरली नव्हती. दिलेला निर्णय परत घ्यायचाच नाही म्हटल्यावर परत घेण्याची खूण कुणाच्या लक्षात राहते? रोगापेक्षा औषध भयंकर झालं होतं.

"काय झालंय?" अध्यक्षांनी हळूच विचारलं. "तुम्ही खरंच सगळे चौकार रद्द केलेत?"

हो म्हटलं असतं तर अब्रू वाचली असती. मागच्या वेळी अशीच वाचवली होती. अंपायरांच्या तोंडात कालच्या पावाची चव आली. त्यांनी झाडाकडे पाहिलं. बायको छत्री मिटून उभी होती, आता ती हसत नव्हती.

"मला खाज सुटते," अंपायर मोठ्यानं म्हणाले, लांबच्या क्षेत्ररक्षकालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "म्हातारपणाची. मी खांदे दाबले ते खाजेसाठी, खुणेसाठी नाही. सगळे चौकार खरे, वाइड खरा, आणि जो बाद आहे त्यानं तंबूत जाऊन बसावं. आणखी एक. मागच्या सामन्यातली ती धाव याच्या बॅटची होती. गुडघा मी खाजवला होता. पन्नास याचे आहेत."

मग ते स्कोअररकडे वळले, हात छातीवर आडवे घेतले आणि दोन्ही खांद्यांना लावले. या वेळी त्यांना खाज नव्हती. तसेच थांबून राहिले, मेव्हण्याचा हात वर होईपर्यंत.

बेकरीवाला मटकन खाली बसला. "पन्नास," तो बॅटला म्हणाला.

अध्यक्षांनी हनुवटी चोळली. "पण पुढं काय?" त्यांनी विचारलं. "खाज कुठली आणि खूण कुठली, हे ठरवायचं कुणी?"

"मी ठरवते," झाडाखालून आवाज आला. "छत्री वर झाली की खाज. माझ्या या भावाचा हात वर झाला की खूण. दोन्ही एकदम नाही."

पुस्तकात तेही नव्हतं. पण दोन्ही कप्तानांनी मान डोलावली. चष्मेवाल्यानं बाही काढली.

सामना चुरशीचा झाला. छत्री कितीदा वर गेली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. थोड्या वेळानं प्रेक्षकही छत्रीला टाळ्या देऊ लागले. शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी होती. समोर बेकरीवालाच होता. चेंडू आला, त्याच्या पॅडवर आदळून बाजूला गेला, दोघं पळाले आणि पोचले. अंपायरांनी गुडघा उचलला आणि त्याला हात लावला.

सगळं मैदान झाडाकडे वळलं.

"ताई, खाज का खूण?" मेव्हण्यानं कुजबुजत विचारलं.

तिनं डोळे बारीक करून नवऱ्याकडे पाहिलं. छत्री मांडीवरच राहिली. "खूण," ती म्हणाली.

मेव्हण्याचा हात वर गेला आणि बेकरीवाल्याचा संघ जिंकला. चेंडू पायालाच लागला होता, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटला.

संध्याकाळी टेबलावर ताजा, अजून कोमट पाव होता. मुलगा आणि सून आत झोपायच्या खोल्या आवरत होते. बायको पळीनं भाजी ढवळत होती.

"तो गुडघा खूण आहे हे तुला कसं कळलं?" अंपायरांनी विचारलं.

"सोपं आहे. खाजवताना तुमचा चेहरा सुखी असतो. खूण करताना कधीच नसतो."

अंपायर पावाचा तुकडा हातात धरून बसून राहिले. चाळीस वर्षं ही बाई घरात बसून होती, आणि आज एका दुपारीत तिला सगळं मैदान वाचता आलं. त्यांनी तुकडा खाली ठेवला, छातीवर हात आडवे घेतले आणि दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवले.

बायकोनं सवयीनं पळी वर केली. "लागली का? मलम आणू?"

"खाज नाही," अंपायर म्हणाले. "खूण आहे."

"कुठला निर्णय परत घेताय आता?"

"अंपायरचं माणूस मैदानावर नसावं म्हणालो होतो, तो."

तिनं पळी पातेल्यात ठेवली, हात पदराला पुसला, आणि भावानं केला होता तसा रिकामा हात सरळ वर केला. अंपायर तो खाली येईपर्यंत थांबले.

"बरं," ती ताट वाढत म्हणाली, "रविवारी निघायचं किती वाजता असतं?"